माझ्या विहीणबाई आणि साऱ्या जगाची तब्येत

रोह्याच्या पुलापासून पेणच्या एसटी स्टँडापर्यंत चाळिशी ओलांडलेली अशी एकही बाई सापडणार नाही, जिला माझ्या विहीणबाईंनी कधी ना कधी गाठून "पाणी किती पिता?" असं विचारलेलं नाही. त्यासाठी ओळख लागत नाही. बसमध्ये शेजारी बसलेली असो, बँकेत पासबुक भरायला रांगेत उभी असलेली असो, बाजारात वालाच्या शेंगांचा ढीग लावून बसलेली असो, बाई आहे आणि कानाजवळ एखादा पांढरा केस दिसतो आहे, एवढं त्यांना पुरतं. समोरची गोंधळून काहीतरी उत्तर देते. ते काहीही असलं तरी विहीणबाई मान हलवतात आणि म्हणतात, "कमी पडतंय." मग पाण्यावरून नाचणीवर, नाचणीवरून गुडघ्यांवर, गुडघ्यांवरून झोपेवर आणि झोपेवरून थेट "पाळी नियमित आहे का" इथपर्यंत त्यांची गाडी येते, आणि तोवर त्या बाईचा स्टॉप मागे पडलेला असतो. एकदा नागोठण्याला उतरायची बाई अशी वडखळपर्यंत आली. विशेष म्हणजे ती रागावली नाही. पुढच्या आठवड्यात तिने विहीणबाईंना फोन करून रक्ताचा रिपोर्ट वाचून दाखवला.

माझी आणि त्यांची पहिली भेट आमच्या पेणच्या घरी झाली. लेकीने मुलगा स्वतःच पसंत केला होता, त्यामुळे बैठक नावापुरतीच. तरी मी आदल्या दिवसापासून घर डोक्यावर घेतलं होतं. पोह्यांच्या बश्या घेऊन बाहेर आले तर विहीणबाईंनी माझं मनगट धरलं. मला वाटलं, माया उतू चाललीय. त्यांनी माझा हात उलटा करून नखं पाहिली, खिडकीकडे नेऊन उजेडात पुन्हा पाहिली, आणि मला काही कळायच्या आत अंगठ्याने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली. "फिकट आहे," त्या गंभीरपणे म्हणाल्या. आमच्या ह्यांनी तोवर पहिला घास घेतला होता. ते घाईघाईने म्हणाले, "मीठ कमी पडलं का? आणतो." त्यावर विहीणबाई जवळजवळ ओरडल्याच, "मीठ? मीठ तर अजिबात नको!" आमचे व्याही, म्हणजे त्यांचे यजमान, खाली मान घालून पोहे खात राहिले. घरी त्यांना मोडाच्या मटकीवर ठेवलेलं असतं हे मला फार उशिरा कळलं. त्या दिवशी त्यांनी तीनदा पोहे का मागून घेतले याचा उलगडाही तेव्हाच झाला. लग्नाची तारीख राहिली बाजूला, बैठक संपली ती माझ्या रक्ततपासणीची तारीख ठरवून.

लग्नात तर त्यांनी कहरच केला. आमच्याकडे विहिणीचा मान म्हणजे साडी, नारळ, फार तर चांदीची एखादी वाटी. माझ्या आत्त्या, मावश्या सगळ्या टक लावून बसल्या होत्या. विहीणबाईंनी सुंदर कागदात गुंडाळलेला खोका माझ्या हातात दिला, वर नारळ ठेवला, माझी ओटी भरली आणि नमस्कार केला. खोका उघडला, तर आत चालायचे बूट! निळे, पांढऱ्या नाड्यांचे. मंडपात अशी शांतता पसरली, की सनईवाल्यालाही काहीतरी झाल्याचं कळलं. "विहिणीला पायताण दिलं गो!" आमच्या थोरल्या आत्त्या पदर तोंडाला लावून म्हणाल्या. विहीणबाईंना त्यात काही वावगं झाल्याची जाणीवही नव्हती. त्या बूट माझ्या पायात चढवून, खाली वाकून अंगठ्यापुढे किती जागा उरते ते बोटाने दाबून पाहत होत्या. नऊवारीवर बूट घालून मी चार पावलं चालले, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं. आत्त्या पुढे वर्षभर माझ्या लेकीच्या सासरबद्दल काळजीच्या सुरात बोलत होत्या. मग त्यांची टाच दुखायला लागली आणि त्यांनी हळूच मला विचारलं, "ते कुठल्या दुकानातनं घेतले होते म्हणाल्या तुझ्या विहीणबाई?"

त्या रोह्याला एका कंपनीच्या टाइम ऑफिसात आहेत. कोण शिफ्टला आलं, कोणाचा ओव्हरटाइम झाला, कोण रजेवर गेलं, हे बघायचं काम. खुर्चीचं काम आहे, पण ती खुर्ची नवीच्या नवी राहिली आहे, असं त्यांचे सहकारीच सांगतात. बाई उभ्यानेच लिहितात, फोनवर बोलताना येरझाऱ्या घालतात, चहा येईपर्यंत टाचा वर-खाली करतात. सकाळी नदीकाठी चालायला जातात आणि तेव्हाच सगळ्यांना फोन करतात, त्यामुळे त्यांच्या प्रत्येक वाक्यात दोनतीन ठिकाणी श्वास तुटतो. "विहीणबाई… उन्हात बसलात का… सकाळच्या… नाय? मग हाडं काय… पगारावर ठेवलीत का?" मागे कुत्री भुंकत असतात, देवळाची घंटा वाजते, आणि मध्येच त्या दुसऱ्याच कोणाला तरी ओरडतात, "खांदे मागे, ताई, खांदे मागे!" मी इकडे एका हाताने डबे भरत, एका हाताने गॅस बारीक करत, फोन मानेत दाबून धरलेला. ते त्यांना तिकडे कसं कळतं देव जाणे, पण हटकून विचारतात, "फोन मानेत धरलाय ना? तरीच मान धरते तुमची."

त्यांना लाज नावाची गोष्ट नाही, असं मी आधी समजत असे. पाळी थांबून वर्ष झालं तेव्हा त्यांनी ऑफिसात पेढे वाटले. पुरुषांनी विचारलं, "कसले पेढे, मॅडम?" त्या म्हणाल्या, "सुटका झाली." सगळ्यांना वाटलं, घराचं कर्ज फिटलं. एकाने तर बँकेचा व्याजदरही विचारला. माझ्या घरी मात्र पेढ्यांचा पुडा देताना त्यांनी खरं कारण आमच्या ह्यांच्यासमोर मोठ्याने सांगितलं. हे पेढा हातात धरून तसेच उभे राहिले. खावा की नाही, त्यांना कळेना. "खा हो," विहीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला काय त्रास होता?"

मला मात्र त्यांच्यामुळेच माझं मला कळलं, हे मान्य केलं पाहिजे. शाळेत नववीच्या वर्गात शिकवताना अचानक मानेपासून कानापर्यंत आग पेटायची, खडू हातातून निसटायचा. येणारे शब्द ऐनवेळी जिभेवरून पळायचे. पंख्याचा आवाज आला म्हणून मी एकदा सबंध वर्गाला झापलं. घरी तर कुकरची शिट्टीसुद्धा माझ्यावर ओरडतेय असं वाटायचं. झोप नाही, छातीत धडधड, आणि कशातच जीव रमत नाही. मला वाटायचं, आपण मुळातच अशा खाष्ट होतो, आता ते बाहेर पडतंय. हे मी कोणालाच बोलले नव्हते. एका रविवारी विहीणबाई आल्या, मला कांदा चिरताना पाहिलं, सुरी हातातून काढून घेतली आणि म्हणाल्या, "हे वय आहे, विहीणबाई. तुम्ही नव्हे." एवढंच. मी तिथेच ओट्याला टेकून रडले. त्या मला गप्प करायच्या भानगडीत पडल्या नाहीत. कांदा चिरून झाला, फोडणीही घालून झाली. मग त्यांनी मला डॉक्टरांकडे पाठवलं. बैठकीत ठरलेली रक्ततपासणी मी तोवर टाळतच आले होते, ती आता झाली. रक्त कमी निघालं, थायरॉइड बिघडलेलं निघालं. गोळ्या सुरू झाल्या, निळे बूट बाहेर निघाले, आणि काही महिन्यांनी नववीची मुलं आपसात म्हणायला लागली, की बाई बदलल्या.

पण पेणच्या माणसाला पेणमध्ये राहून पापड आणि लोणची सोडायला सांगणं म्हणजे माशाला पाण्याबद्दल सावध करण्यासारखंच. त्या आल्या की मी बरण्या कपाटात वरच्या फळीवर लपवायची, आणि आमचे व्याही पाणी पिण्याच्या निमित्ताने आत येऊन नेमकी तीच फळी शोधायचे. आमचा दोघांचा तो मूक करार होता.

दोन वर्षांपूर्वी आषाढात आम्ही दोघी गणपतीची मूर्ती ठरवायला हमरापूरला गेलो. लेक आणि जावई पुण्याहून गणपतीला येणार होते, तेव्हा मूर्ती विहिणींनी मिळून पसंत करायची ठरली. मूर्तींच्या कारखान्यात शिरलो. एका ओळीत बायका पाटावर बसून रंगकाम करत होत्या, कोणी सोंडेवर नक्षी, कोणी पितांबराचा काठ, सगळ्यांच्या माना खाली, पाठी कमानीसारख्या वाकलेल्या. मी मूर्ती बघत होते, विहीणबाई पाठी बघत होत्या. मला कळलंच, आता काही खरं नाही.

"सकाळपासनं अशाच बसलाय का गो?" त्यांनी विचारलं.

"मग? गनपती काय उभ्यानं रंगवायचं?" एक वयस्कर बाई ब्रश न थांबवता म्हणाली.

"उठा बघू जरा. दोन मिनिटं."

"आवो बाय, वेल नाय. डोलं काढायचं हायत."

"देवाचे डोळे नीट काढायला तुमची मान नीट नको?"

ब्रश थांबला. ती कंबरेवर हात ठेवून, "आई गं" म्हणत उठली. तिच्यामागे दुसरी, मग तिसरी. हातात ब्रश तसेच धरून त्या सगळ्या विहीणबाईंच्या तालावर खांदे फिरवू लागल्या, आणि पांढऱ्या, पिवळ्या, गुलाबी रंगांचे शिंतोडे एकमेकींच्या गालांवर, पदरांवर आणि एकदोन उंदरांवरही उडाले. अशी काही हसाहस झाली, की कारखान्याचे मालक जेवता जेवता उठून आले. "मॅडम, माल जोह्याच्या व्यापाऱ्याकडे जायचाय संध्याकाळच्याला!" ते कळवळून म्हणाले. विहीणबाईंनी त्यांच्या पोटाकडे एक नजर टाकली. "तुम्ही पण या रांगेत," त्या म्हणाल्या. मालक लगेच आत गेले. निघताना त्या वयस्कर बाईने विहीणबाईंचा हात धरून कानात काहीतरी विचारलं. बराच वेळ त्या दोघी मूर्तींच्या मागे उभ्या राहून बोलत होत्या. परतताना मी विचारलं, तेव्हा विहीणबाई एवढंच म्हणाल्या, "अंगावर जातंय तिच्या, इतक्या वयात. सांगितलंय, गणपतीपर्यंत थांबू नको म्हणून." आणि मग पेण येईपर्यंत त्या गप्प होत्या. त्या गप्प बसल्या याचं मला नवल वाटलं, पण मूर्ती ठरल्याच्या आनंदात मी ते मनावर घेतलं नाही.

त्यानंतरच्या संक्रांतीला माझ्याकडे हळदीकुंकू होतं. रोह्याहून विहीणबाई आल्या, आणि आल्या आल्या खुर्चीत बसल्या. बायका येत होत्या, जात होत्या, तिळगूळ घेत होत्या, वाण उचलत होत्या, पण कोणाला पाणी विचारलं गेलं नाही, कोणाचे खांदे मागे ओढले गेले नाहीत. गडद जांभळी साडी, ओठांना रंग नाही, आणि हसणं सगळं वरवरचं. मी तिळाचं ताट घेऊन आत-बाहेर करत होते आणि माझं लक्ष पुन्हा पुन्हा त्या खुर्चीकडे जात होतं. शेवटी गर्दी ओसरली तेव्हा त्या उठल्या. उठल्या आणि इकडेतिकडे पाहून त्यांनी साडीचा मागचा भाग हळूच पुढे ओढून बघितला.

ते कशासाठी असतं, हे कोणत्याही बाईला सांगावं लागत नाही. शाळकरी मुलीपासून सगळ्या तसं करतात. पण या बाईने पाळी थांबली म्हणून पेढे वाटले होते!

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि दार लोटलं.

"कधीपासून?" मी विचारलं.

"काय कधीपासून?"

"विहीणबाई."

त्या ओट्यावरचे तीळ बोटाने गोळा करू लागल्या. "गणपतीपासनं," त्या म्हणाल्या. "आधी नुसते डाग होते. मग थांबलं. मग परत."

"आणि डॉक्टर?"

"जाणार होते. ऑडिट होतं ऑफिसात. मग दिवाळी आली. मग म्हटलं संक्रांत होऊ दे."

 असल्या सबबी ऐकल्या की ह्याच बाई लोकांना बसमधून उतरू देत नसत! माझा संताप संताप झाला. रोह्यात सगळे ओळखतात, तिथल्या डॉक्टरकडे जायचं नाही म्हणाल्या. घरी व्याह्यांना सांगितलं नव्हतं, मुलाला नाही, माझ्या लेकीलाही नाही. "मला सगळ्या बाया विचारतात," त्या म्हणाल्या, "मलाच काय झालं तर त्या कोणाचं ऐकतील?" मी म्हटलं, "ते नंतर बघू. उद्या मी शाळेत रजा टाकते."

पेणला बायकांच्या एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडे गेलो. काउंटरवरच्या मुलीने नाव, वय लिहून घेतलं आणि मान वर न करता विचारलं, "सोबत कोण?"

"विहीण," मी म्हटलं.

"बहीण. बरं," ती म्हणाली आणि तसंच लिहिलं.

मी दुरुस्त करणार होते, पण विहीणबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. आम्ही बाकावर बसलो. त्यांचा पाय जमिनीवर एकसारखा नाचत होता. पंख्याकडे बघत त्या म्हणाल्या, "मला होती बहीण. थोरली. कोलाडच्या बाजूला दिली होती." पर्सची चेन त्या उघडत-लावत होत्या. "असंच तिला. मला एकदा म्हणाली, अंगावर फार जातंय गो. मी म्हटलं, डॉक्टरला दाखव. ती म्हणाली, लावणी होऊ दे. मी म्हटलं बरं. मला शिफ्ट होती, माझी बस होती. एकदाच विचारलं मी, विहीणबाई. एकदा विचारलं नि गप्प बसले. लावणी झाली, मग गणपती झाले, मग धाकट्याची परीक्षा. ती डॉक्टरकडे गेली तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं." पाय थांबला. "तेव्हापासनं मी एकदा विचारून थांबत नाय."

तेवढ्यात आतून त्यांचं नाव पुकारलं. त्यांनी पर्स आणि चष्मा माझ्या मांडीवर ठेवला आणि पदर सारखा करून आत गेल्या.

डॉक्टरांनी सोनोग्राफी केली, आतल्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवला आणि रिपोर्ट यायला आठवडा लागेल म्हणून सांगितलं. तो आठवडा आम्ही कसा काढला ते आमचं आम्हाला माहीत. मी वर्गात फळ्यावर एकच वाक्य दोनदा लिहीत होते. त्या रोह्याला चालायला जात होत्या, पण फोन कोणालाच करत नव्हत्या. मीच करायची. "जेवलात?" "हो." "झोपलात?" "बघू." एरवी ज्यांना थांबवावं लागे, त्यांच्याकडून एकेक शब्द ओढून काढावा लागत होता. मध्ये मी स्वतःच रोह्याला गेले आणि व्याह्यांना समोर बसवून सगळं सांगितलं.  ते उठले, आत गेले आणि त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने चहा केला. साखर फार पडली होती. विहीणबाईंनी तो न बोलता शेवटपर्यंत प्यायला.

रिपोर्ट घ्यायला आम्ही तिघेही गेलो. डॉक्टरबाईंनी तो दोनदा वाचला. "कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण अस्तर जाड झालंय आणि पेशी बिघडायच्या वाटेवर आहेत. पिशवी काढून टाकू. आणखी वर्षभर थांबला असतात तर मी हे असं हसत सांगत नसते." व्याह्यांनी खिशातून रुमाल काढला आणि चष्मा पुसण्याऐवजी डोळेच पुसले. विहीणबाई म्हणाल्या, "ऑपरेशननंतर चालायला कधी लागू?"

लेकीला-जावयाला कळवलं, ऑपरेशन झालं आणि त्या विश्रांतीला आमच्याकडेच राहिल्या. सुनेच्या माहेरी सासूने पथारी टाकायची, यावर आत्त्यांचं काही म्हणणं होतं, पण त्यांना कोणी विचारलं नाही. पहिले काही दिवस विहीणबाई भिंतीकडे तोंड करून झोपून असत. जड उचलायचं नाही, वाकायचं नाही, जिना नाही. मी दुपारी शाळेतून येऊन पेपर तपासत त्यांच्या उशाशी बसायची. आधी आम्ही आजारांविषयी बोलायचो. मग हळूहळू दुसरं काही निघू लागलं. त्यांच्या बहिणीला गाणी किती यायची, ती भात लावताना कशी सगळ्यांच्या पुढे असायची, हे त्यांनी मला सांगितलं. मीही माझं सांगितलं. लेक लग्न होऊन गेल्यावर घरात मला जे भिरभिरल्यासारखं होतं, संध्याकाळी कुठल्या खोलीत जाऊन बसावं तेच कळत नाही, ते मी कधी ह्यांनाही नीट सांगितलं नव्हतं. विहीणबाईंनी त्यावर काही उपाय सुचवला नाही. त्यांनी नुसतं ऐकलं. मला ते सवयीचं नव्हतं, म्हणून मी पुन्हा पेपर पुढे ओढले.

शिमग्याच्या आधी त्या रोह्याला परत गेल्या. मी पेण स्टेशनवर सोडायला गेले. गाडी आली, व्याह्यांनी पिशव्या चढवल्या, त्या खिडकीशी बसल्या. मला वाटलं, आता निदान कॅल्शियमबद्दल तरी काही येईल. त्यांनी नुसता माझा हात खिडकीतून धरून ठेवला आणि गाडी हलली तेव्हा सोडला. मी घरी आले आणि त्यांच्या खोलीतली चादर काढायला घेतली, ती संध्याकाळपर्यंत काढून झाली नाही.

आता त्यांची तब्येत उत्तम आहे. कामावर जातात, नदीकाठी जातात, बायकांना गाठतातही, पण पूर्वीसारखी सल्ल्यांची सरबत्ती करत नाहीत. सकाळी मला फोन येतो तेव्हा त्या कुठेतरी बसलेल्या असतात, मागे सगळं शांत असतं. "आज कसं वाटतंय?" एवढंच विचारतात, आणि मग उत्तराची वाट बघत थांबतात. मी भाजी परतत असते, डबे भरत असते, "बरं आहे" म्हणून फोन ठेवता आला असता. पण त्या पलीकडे थांबलेल्या असतात. मग मी गॅस बंद करते आणि खरंच आज कसं वाटतंय, ते आठवून बघू लागते.